परदेशात खेळायचंय? आधी विचारा, मैदानावर मिनिटं किती मिळणार

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगा १७ वर्षांचा आहे, जिल्हा संघातून सेंटर फॉरवर्ड खेळतो, शालेय स्पर्धांत भरपूर गोल करतो. एका एजंटनं युरोपातल्या क्लबची ट्रायल आणि सहा महिन्यांचं अकादमी प्रशिक्षण, दोन्ही मिळून साडेपाच लाख रुपये मागितलेत. कर्ज काढून पैसे उभे करता येतील. पाठवावं का? आणि परदेशात जाऊन व्यावसायिक स्ट्रायकर म्हणून जगणं नेमकं असतं कसं?

दादा, मी स्वतः फॉरवर्ड होतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेकडून, मग मुंबईत एका ऑफिस टीमकडून हार्वुड लीग, आणि शेवटची तीन वर्षं गोव्यात. गोव्यात माझा बहुतेक वेळ राखीव बाकावर गेला, कारण माझ्या जागी परदेशी स्ट्रायकर खेळायचा. त्यानंतर गेली वीस वर्षं मुलांना शिकवतोय. त्यातली चार मुलं ट्रायलसाठी बाहेर जाऊन आली. म्हणजे आपल्याकडे आलेला परदेशी आणि बाहेर गेलेला आपला, असे दोन्ही स्ट्रायकर मी जवळून पाहिलेत. त्या आधारावर सांगतो.

आधी पैशांचं, कारण ते तातडीचं आहे. कर्ज काढू नका. तुमचा मुलगा १७ वर्षांचा आहे आणि फिफाचा नियम स्पष्ट आहे: १८ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. याला मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, दोन्ही देश युरोपीय संघातले असून मुलगा १६ च्या पुढचा असेल, घर आणि क्लब दोन्ही सरहद्दीला लागून असतील, किंवा निर्वासित आणि शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांसारखी खास प्रकरणं. तुमचं घर यातल्या कशात बसत नाही. हा नियम नुसता कागदावर नाही. अल्पवयीन परदेशी मुलांच्या नोंदणीत तो मोडला म्हणून २०१४ साली फिफानं बार्सिलोनासारख्या क्लबवर खेळाडू खरेदीच्या दोन हंगामी मुदतींत नवीन खेळाडू घेण्याची बंदी घातली. बार्सिलोनाला जे जमलं नाही ते तुमचा एजंट साडेपाच लाखांत जमवणार नाही.

मग तो विकतोय काय? बहुतेक वेळा खासगी अकादमीतली जागा. तिथं राहणं, जेवण, दिवसाला एक-दोन सराव सत्रं आणि आसपासच्या संघांशी मैत्रीपूर्ण सामने मिळतात. काही अकादम्या प्रामाणिक असतात, मुलगा तिथून शिकूनही येतो. पण ती फी भरून केलेली शिकवणी आहे, तिला करिअरची पहिली पायरी समजू नका. शिकवणीच हवी असेल तर त्या पैशात पुण्या-मुंबईतल्या चांगल्या निवासी अकादमीत दोन वर्षं निघू शकतात, आणि तिथं तो नोंदणीकृत सामने खेळेल.

एजंटबद्दल दोन गोष्टी तपासा. फिफानं २०२३ पासून एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना पुन्हा सक्तीचा केलाय. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, त्यात या माणसाचं नाव शोधा. दुसरं म्हणजे अल्पवयीन खेळाडूशी करार करायला पालकांची लेखी संमती लागते आणि अशा खेळाडूच्या कामाची फी एजंटाला फक्त व्यावसायिक करार झाला तरच घेता येते. ट्रायलच्या आधीच रोख मागणारा माणूस एजंटाचं काम करत नाहीये.

माझ्याच एका मुलाच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून असेच पैसे भरले होते. क्लबच्या नावाचं पत्र आलं, वर रंगीत बोधचिन्ह होतं, खाली सही होती. ते पत्र त्यांनी मला दाखवलं व्हिसा नाकारला गेल्यानंतर. मी आधी ई-मेलचा पत्ता बघितला, तर तो फुकटच्या सेवेवरचा, क्लबच्या नावाचा नव्हताच. पत्रात मुलाची जन्मतारीख चुकीची होती आणि तो कुठल्या जागी खेळतो याचा उल्लेखही नव्हता. ज्या क्लबला खरंच फॉरवर्ड हवा असतो तो आधी विचारतो की डावा पाय कसा आहे. ते पैसे परत आले नाहीत आणि मुलानं पुढं वर्षभर बुटांना हात लावला नाही. मला ते अजून लागतं, कारण पैसे भरण्याआधी कुणीतरी विचारायला हवं होतं आणि ते कुणीतरी मी होतो.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो.

परदेशात खेळणाऱ्या स्ट्रायकरचं करिअर एका गोष्टीवर ठरतं: मैदानावर किती मिनिटं मिळतात. देश किंवा क्लबचं नाव केवढं मोठं आहे ते नंतर येतं. बचावपटू सरावातून बराच तयार होतो, गोलरक्षकही होतो. पण डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, बॉल सुटा झाला की अर्ध्या सेकंदात काय करायचं हे स्ट्रायकरला फक्त सामन्यात, थकलेल्या पायांनी, अंगावर बचावपटू असताना कळतं. बाकावर बसलेल्या स्ट्रायकरचं हे भान फार लवकर बोथट होतं. मी स्वतः ते होताना अनुभवलंय. पंधरा दिवसांनी मैदानात उतरलो की बॉल येण्याआधीच घाई व्हायची.

आपल्या दोन सर्वांत मोठ्या फॉरवर्डकडे या नजरेनं बघा. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये ईस्ट बंगालमधून इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. बरी तेव्हा तिसऱ्या स्तरावर खेळत होता. वर्क परमिटचा खोळंबा पार करून तो गेला आणि तीन वर्षांच्या करारात लीगचे ३७ सामने आणि तीन गोल, एवढंच हाती लागलं. त्यात गुडघ्याची दुखापत आली आणि २००२ मध्ये क्लबच आर्थिक अडचणीत सापडला. आकडे बघून लोक म्हणतात की अपयशी ठरला. मी तसं म्हणत नाही. ३७ सामने म्हणजे मँचेस्टरजवळच्या त्या गारठ्यात, उंचावरून येणाऱ्या बॉलसाठी दोन धिप्पाड सेंटर बॅकांशी, म्हणजे मधल्या बचावपटूंशी, झगडत काढलेले ३७ दिवस. त्याच्याआधी ती वाट भारतातून कुणी चाललेलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडून अनवाणी पायांनी दोन सामने खेळला होता, पण तो विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा होता आणि घरच्या ओढीनं परत आला. भुतिया पुढं मलेशियात पेराक आणि सेलंगोरकडेही खेळला.

सुनील छेत्रीची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबशी त्याचं जमलं होतं, पण ब्रिटननं वर्क परमिट दिलं नाही, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नव्हता. त्याच्या खेळाचा त्यात काही दोष नव्हता. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला. त्या वर्षी मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो उतरला, पण मुख्य लीगमध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या ब संघात गेला. तिथं मोजकेच सामने, तेही बाकावरून. २०१३ च्या सुरुवातीला तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे परतला आणि त्याच हंगामात चर्चिलनं आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली.

हा परतीचा निर्णय मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. स्पोर्टिंगचा शिक्का आणखी दीड वर्ष अंगावर ठेवता आला असता. त्यानं मिनिटं निवडली. तो २८ वर्षांचा होता, म्हणजे स्ट्रायकर ऐन भरात येतो ते वय. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्यानं निरोप घेतला तेव्हा नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. पुढच्या वर्षी देशासाठी तो परतही आला. लिस्बनमध्ये बाकावर बसून हे गोल झाले नसते.

उलट दिशेनं बघितलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ च्या सुमारास गोव्यात धेंपो क्लबकडे आला. त्याच्या मायदेशातल्या कुणाला गोवा नकाशावर दाखवता आला असता की नाही, ठाऊक नाही. पण इथं त्याला दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळाली. आठ हंगाम तो धेंपोत राहिला. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये एका हंगामात ३२ गोल केले आणि भारतातल्या कारकिर्दीत २०० चा आकडा ओलांडला. चर्चिलकडे त्याचाच देशबांधव ओडाफा ओकोली, आणि घानाचा युसुफ याकुबू, जो चर्चिलनंतर मुंबईत महिंद्र युनायटेडकडेही खेळला. ही माणसं इथं पाहुणी म्हणून आली नव्हती. हाच त्यांचा व्यवसाय होता आणि त्यांनी तो मानानं केला.

मी गोव्यात होतो तेव्हा माझा खोलीचा जोडीदार पश्चिम आफ्रिकेतला होता, आमच्याच संघाचा पहिला स्ट्रायकर. त्याचं नाव घेत नाही, पण जे शिकलो ते बहुतेक त्याच्याकडूनच. सराव संपला की सगळे सावलीत जायचे, हा मला अर्धा तास थांबवायचा. तो डीच्या रेषेवर गोलकडे पाठ करून उभा राहायचा आणि मला वीस-पंचवीस पावलांवरून जमिनीलगत जोरात पास मारायला सांगायचा. बॉल माझ्या पायातून सुटण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघायचा. बॉल निम्म्यावर आला की उजव्या खांद्यावरून. पहिला टच कधीच पायाखाली थांबवायचा नाही, नेहमी बगलेला, जिथं बचावपटू नाही तिकडे. दुसऱ्या टचला शॉट. पंचवीस वेळा उजवीकडे, पंचवीस वेळा डावीकडे. मागं बचावपटू कुणीच नसायचा, तरी तो दोनदा बघायचाच. एकदा मी विचारलं की रिकामं मैदान काय बघतोस? त्याचं उत्तर असं होतं की सामन्यात आठवण ठेवून बघता येत नाही, मान आपोआप वळली पाहिजे.

रात्री तो फोन कार्ड घेऊन बूथवर जायचा. जिंकलेल्या दिवशी दहा मिनिटं बोलायचा, गोल झाला नसेल तर दोन मिनिटं. त्याच्या पगारावर घरची किती माणसं अवलंबून होती ते मला हळूहळू कळलं. स्थानिक पोरानं तीन संधी घालवल्या तर लोक म्हणायचे, शिकतोय. त्यानं तीन घालवल्या तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या परदेशी खेळाडूचं नाव निघायचं. परदेशी स्ट्रायकर म्हणून जगणं म्हणजे हे. क्लबकडे परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्यातली एक तुम्ही अडवलेली असते. तुम्हाला घेतलंय ते गोल करायला, पहिल्याच महिन्यापासून. शिकायला वेळ मिळतो तो तिथल्या मुलाला.

तुमचा मुलगा उद्या युरोपात गेला तर तो या अर्थानं परदेशी असेल. तिथल्या चौथ्या स्तरावरच्या क्लबलाही शेजारच्या गावात त्याच्यासारखी दहा मुलं मिळतात, व्हिसाची भानगड नाही, भाषेची अडचण नाही. मग त्यानं आपल्या मुलाला का घ्यावं? त्या दहांपेक्षा तो उघड सरस असेल तरच. म्हणून मी म्हणतो, इथं पुरुषांच्या वरिष्ठ लीगमध्ये गोल करून दाखवल्याशिवाय बाहेरचा विचारच करू नका. १७ व्या वर्षी शालेय स्पर्धेतले गोल बरेचदा अंगाच्या वाढीचे असतात. मिशी फुटलेला मुलगा मिशी न फुटलेल्यांना मागं टाकतो. २० व्या वर्षी सगळ्यांची अंगं सारखी झाली की खरा फॉरवर्ड कोण ते कळतं.

उशीर होईल याची भीती बाळगू नका. दिदिए द्रोग्बानं ल माँ या फ्रान्समधल्या छोट्या क्लबशी पहिला व्यावसायिक करार केला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तिथून गँगाँ, मग मार्से, आणि २००४ मध्ये चेल्सी, २६ व्या वर्षी. प्रत्येक पायरीवर त्याला सामने मिळत गेले म्हणून पुढची पायरी आली. आपल्याकडे येऊन गेलेला बार्थोलोम्यू ओगबेचे २००१ मध्ये, १७ व्या वर्षाच्या आसपास पॅरिस सेंट जर्मेनमध्ये होता, २००२ च्या विश्वचषकात नायजेरियाकडून खेळला. नाव मोठं, सुरुवात मोठी. त्यानंतर त्याची पंधरा वर्षं फ्रान्स, अरब अमिरात, स्पेन, इंग्लंड, ग्रीस, नेदरलँड्स असं क्लब बदलण्यात गेली. २०१८ मध्ये तो नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला, मग केरळ, मुंबई सिटी, हैदराबाद. पाच हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये ६३ गोल केले, आणि हे सगळं वयाची तिशी उलटल्यावर. एफसी गोवाचा स्पॅनिश फॉरवर्ड कोरोमिनास, ज्याला सगळे कोरो म्हणतात, तोही तिशी पार करून आला आणि तीन हंगामांत ४८ गोल करून गेला. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर त्याला बघायला मिळालं हे भाग्य समजतो मी. धावायचा कमी, पण सेंटर बॅक बॉलकडे बघायला लागला की त्याच क्षणी तो त्याच्या पाठीमागून पुढं सरकायचा. कोल्हापुरातली पोरं मी खास बसनं न्यायचो ते बघायला.

कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर अनिकेत जाधवबद्दलही सांगतो. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला आपल्या मातीतला पोरगा, २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिने प्रशिक्षण घेऊन आला. ही जायची योग्य पद्धत. इथं एक पातळी गाठली, त्या जोरावर ठरावीक मुदतीसाठी गेला, शिकला, परत येऊन खेळला. पुढं २०२१-२२ मध्ये सुपर लीग जिंकलेल्या हैदराबादच्या संघात तो होता आणि त्याच संघात ओगबेचे होता. अशा माणसासोबत रोज सराव करणं म्हणजे घरबसल्या परदेशच.

ट्रायल कशी असते तेही सांगतो, कारण मुलांच्या मनात वेगळंच चित्र असतं. माझा एक १९ वर्षांचा मुलगा रीतसर व्हिसा काढून, ओळखीच्या प्रशिक्षकामार्फत मध्य युरोपातल्या एका छोट्या क्लबकडे गेला होता. जानेवारीचा महिना, कृत्रिम गवत, त्यावर बारीक पाऊस. त्यानं आपल्या कडक मैदानाचे बूट नेले होते, पहिल्या वळणालाच घसरला. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. पहिल्या दहा मिनिटांत त्याला बॉल एकदाच मिळाला. का? तो धाव चांगली घेत होता पण मागत नव्हता. शेजारी ट्रायलला आलेला स्थानिक मुलगा सतत ओरडत होता, हात दाखवत होता, न मिळाल्यावर चिडत होता. आपली मुलं मोठ्यांसमोर गप्प राहायला शिकलेली असतात. तालमीत दादांसमोर आवाज चढवायचा नाही हे वळण मला प्रिय आहे, पण डीमध्ये ते सोडून द्यावं लागतं. नंतर तिथल्या प्रशिक्षकानं विचारलं, तू नऊ नंबर (सगळ्यात पुढचा स्ट्रायकर) की दहा नंबर (त्याच्या मागं खेळणारा)? पोरानं नम्रपणे सांगितलं, कुठंही खेळेन. तिथंच संपलं. आपल्याकडे कुठंही खेळणारा पोर गुणाचा, तिथं त्याचा अर्थ होतो की याला स्वतःची जागा माहीत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे फॉरवर्डच्या सरावात नाव घेऊन बॉल मागायची सक्ती आहे. आणि इंग्लिशचे रोजचे पन्नास-साठ शब्द पाठ. भाषेला कमी लेखू नका. दक्षिण कोरियाचा सोन ह्युंग-मिन पोरवयात हॅम्बुर्गला गेला आणि जर्मन सफाईनं बोलायला शिकला, म्हणून तिथं रुळला. पास देणारा मिडफिल्डर तुमच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलत नसेल तर मैदानात तो तुम्हाला उशिरा शोधतो.

कराराबाबत थोडक्यात. १८ वर्षांखालील खेळाडूशी क्लब तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करू शकत नाही, मोठ्यांशी पाच. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो आणि फिफाच्या लवादाकडे जाऊ शकतो. हे ठाऊक नसल्यामुळे मुलं पगाराशिवाय महिनोन् महिने तिष्ठत राहतात. करार तिथल्या भाषेत असेल तर भाषांतर करून घेतल्याशिवाय सही नको. आणि विमा. विम्यावर मी अडून बसतो.

५ डिसेंबर २००४. बंगळुरूत फेडरेशन कपची अंतिम लढत, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझीलचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर यानं दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. २५ वर्षांचा होता. धेंपोनं कप जिंकला आणि त्याची १० नंबरची जर्सी नंतर कुणाला दिली नाही. त्या रात्री मडगावला आम्ही खेळाडू रस्त्यावर उभे होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आपलं गाव सोडून हजारो मैलांवर खेळायला आलेला मुलगा होता तो. स्ट्रायकर गोलरक्षकाच्या अंगावर धावत जातो, ते त्याचं कामच आहे. म्हणून मुलगा कुठंही जावो, सांगलीला की स्पेनला, मी विचारतो: मैदानावर डॉक्टर आहे का, हृदय सुरू करायचं यंत्र आहे का, रुग्णवाहिका गेटजवळ उभी आहे की बोलवावी लागेल. दौऱ्याआधी हृदयाची तपासणीही करून घेतो.

दुखापतीचा दुसरा प्रकार गुडघ्याचा. मणिपूरची बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, तेव्हा तिचं वय तिशीला टेकलं होतं. डिसेंबरमध्ये तिनं मदरवेलविरुद्ध पहिला अधिकृत गोल केला आणि पुढच्याच वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. अशा दुखापतीला आठ-नऊ महिने सहज जातात. परक्या देशात, करार संपत आलेला, खोलीत एकटीनं व्यायाम. तुमच्या मुलाला हे आधीच कळलेलं बरं. तिच्यानंतर पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडे गेली आणि महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय ठरली. सध्या बाहेरची वाट आपल्या मुलींना मुलांपेक्षा जास्त मोकळी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. धाकटी बहीण खेळत असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या.

एक मुद्दा पासपोर्टचा. गोव्यातली मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जातात हे तुम्ही ऐकलं असेल. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना तो हक्क आहे, आणि त्यामुळं युरोपीय संघातल्या देशांत वर्क परमिटचा प्रश्नच उरत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तो पासपोर्ट घेतला की भारताच्या जर्सीचं दार बंद. माझ्या ओळखीच्या एका मुलानं तो निर्णय घेतला आणि घरात वर्षभर वाद चालला. दोन्ही बाजूंचं मला पटत होतं. तुमच्या घराला हा पर्यायच नाही, तेव्हा तुमच्या मुलाला वर्क परमिट लागणारच. ब्रिटनमध्ये तर २०२१ पासून गुणांची पद्धत आली, त्यात राष्ट्रीय संघाचे सामने आणि ज्या लीगमधून तुम्ही येता तिचा दर्जा मोजतात. भारत १०० च्या बाहेर असताना तिकडचा विचार तूर्त सोडा.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. मुलाची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंद आहे का बघा. नसेल तर ज्या क्लबकडून तो खेळतो त्यांच्या मागं लागा. पुढं कधी तो पैसे मोजून बाहेरच्या क्लबला विकला गेला तर त्या रकमेचे ५ टक्के, वयाच्या १२ ते २३ या काळात ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांत वाटले जातात. ही नोंद असेल तरच तुमच्या गावच्या क्लबला त्यातलं काही मिळेल. मग त्याला वरिष्ठ संघाच्या ट्रायलला पाठवा, कोल्हापूर, पुणे, मुंबई, जिथं पुरुषांसोबत खेळायला मिळेल तिथं. दोन हंगाम तिथं काढू द्या. गोल कमी होतील, चालेल.

आणि त्याचे दोन पूर्ण सामने चित्रित करून मला पाठवा. फक्त गोल कापून लावलेली दोन मिनिटांची चित्रफीत नको, ती मी बघत नाही आणि बाहेरचा कुठलाही जाणता प्रशिक्षकही तिच्यावर विसंबत नाही. मोबाईल उंच जागी धरा, स्टँडच्या वरच्या पायरीवर किंवा एखाद्या गच्चीवर. बॉलच्या मागं फिरवू नका, नव्वद मिनिटं कॅमेरा मुलावरच ठेवा. बॉल दुसऱ्या टोकाला असताना तो खांद्यावरून मागं बघतो की नाही, मला तेवढं बघायचंय.